झलक आणि खेळ

चैत्र लागला की नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. जुन्नर-आंबेगावातूनच नव्हे, तर शेजारच्या जिल्ह्यांतूनही गावोगावची पंचमंडळी तिथे येतात आणि आपल्या जत्रेसाठी फड ठरवून सुपारी देतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे हे गाव. लोक त्याला तमाशाची पंढरी म्हणतात, ते काही उगीच नाही. राहुटीपुढे रंगीत फलक असतो, त्यावर कलावंतांची चित्रे असतात. जाणता पंच तो फलक डोळे भरून बघतो. पण नुसत्या फलकावर भुलून इसार देत नाही. गेल्या साली या फडाचा खेळ कुठे झाला, वग रंगला की कसाबसा आटोपला, हे तो आधी चार गावांत विचारतो. हाच शहाणपणा आपण चित्रपटाच्या बाबतीत वापरतो का? तेवढाच प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवायचा आहे.

चित्रपट येण्याआधी त्याची दोन-तीन मिनिटांची झलक येते. तिला ट्रेलर म्हणतात. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ मागून येणारा. ही झलक पूर्वी मूळ चित्रपट संपल्यावर दाखवीत, म्हणून हे नाव पडले. पुढे ती चित्रपटाच्या आधी दाखवू लागले, नाव मात्र तेच राहिले. आता तर थिएटरपर्यंत जाण्याचीही गरज नाही. बांधावर बसल्या बसल्या मोबाइलवर ती पाहता येते.

जाहिरात फुगवून सांगण्याची रीत नवी आहे, असे मात्र समजू नका. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागला. पुढे सुरतेला खेळ नेला तेव्हा त्याची जाहिरात 57,000 छायाचित्रांचा, दोन मैल लांबीचा खेळ अशी केल्याची नोंद आहे. शिक्षक बंधुभगिनींनी हे गणित फळ्यावर जरूर घालावे. फिल्मवरील एका चित्राला पाऊण इंच लांबी लागते. म्हणजे 57,000 चित्रांची लांबी झाली 42,750 इंच, सुमारे 3,560 फूट. मैल असतो 5,280 फुटांचा. मग दोन मैल कुठून आले? पाऊण मैलसुद्धा भरत नाही! एवढ्याने फाळक्यांची थोरवी तसूभरही कमी होत नाही. पण जाहिरात ही जाहिरातच असते, एवढे यातून दिसते.

आता तुम्ही म्हणाल, झलकेत दाखवले आणि चित्रपटात ते नसले, तर दाद मागता येत नाही का? असा दावा आपल्या महाराष्ट्रातच झाला. 2016 साली 'फॅन' नावाचा हिंदी चित्रपट आला. त्याच्या जाहिरातीत एक गाणे सारखे वाजत होते. ते ऐकून मराठवाड्यातील एक शिक्षिका कुटुंबासह चित्रपटाला गेल्या. बघतात तर गाणे चित्रपटात नाहीच! त्यांनी ग्राहक मंचाकडे धाव घेतली. जिल्ह्याच्या मंचाने तक्रार फेटाळली. राज्य आयोगाने मात्र 10,000 रुपये भरपाई आणि 5,000 रुपये खर्च देण्याचा आदेश दिला. राष्ट्रीय आयोगानेही तो कायम ठेवला. अखेर 22 एप्रिल 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. न्यायालयाच्या मते झलक हे वचन नव्हे; लोकांनी तिकीट काढावे म्हणून ती दाखवलेली असते. ग्राहकाला फसवण्यासाठी खोटे विधान केले, तर कायदा आहेच. पण झलकेतले गाणे चित्रपटात असलेच पाहिजे, असा करार झाला असे मानता येत नाही. म्हणजे सावध राहण्याचे काम शेवटी आपल्याकडेच आले.

ही झलक तयार कशी होते, तेही समजून घ्या. दोन-अडीच तासांच्या खेळातून जोरकस तुकडे वेचायचे, त्यांचा क्रम फिरवायचा आणि वर दणदणीत संगीत घालायचे. एका प्रसंगातले वाक्य दुसऱ्या प्रसंगातल्या चेहऱ्याला जोडले, तर अर्थच पालटतो. मग एवढा गाजावाजा कशासाठी? चित्रपटाची पुष्कळशी कमाई पहिल्या शुक्रवार, शनिवार, रविवारी होते. खेळ बरा की वाईट, हे तोंडोतोंडी पसरण्याआधीच तिकिटे खपावीत, हा त्यामागचा हिशोब. इतक्या कोटी वेळा झलक पाहिली गेली, असे आकडे कानावर येतात. तो आकडा पाहिल्याचा असतो, आवडल्याचा नव्हे; आणि पैसे मोजून दाखवलेली जाहिरातही त्यात मिसळलेली असू शकते.

भुलणे हा एक धोका. घाईने संतापणे हा दुसरा. जानेवारी 2025 मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरील 'छावा' या चित्रपटाची झलक आली. तीत महाराज लेझीम खेळताना दिसले आणि आक्षेपांचे मोहोळ उठले. शिवनेरीच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्याला ही भावना कोणी समजावून सांगायला नको. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी तो भाग वगळण्याचे जाहीर केले आणि 14 फेब्रुवारीला चित्रपट लागला. लोकांचा आवाज पोहोचला, हे खरे. पण झलक होती तीनेक मिनिटांची आणि चित्रपट 161 मिनिटांचा. जेमतेम पन्नासाव्या हिश्श्यावर निकाल झाला, हेही तितकेच खरे. आक्षेप जरूर घ्यावा. पण "मी झलक पाहिली आहे, चित्रपट नाही," एवढे वाक्य त्याच्या आधी प्रामाणिकपणे म्हणावे.

आणि ज्याच्यापुढे ढोल वाजत नाही, त्याचे काय? 'टिंग्या' आठवा. एक पोरगा आणि त्याचा जायबंदी बैल चितंग्या, एवढीच त्याची गोष्ट. दिग्दर्शक मंगेश हाडवळे आपल्या जुन्नर तालुक्यातले. 2008 साली आलेला हा चित्रपट कुणा बड्या नटाच्या नावावर उभा नव्हता. तरी त्यातल्या शरद गोयेकर या मुलाला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नुसत्या गलक्यामागे धावलो, तर आपल्याच मातीतली अशी गोष्ट नजरेआड होते. दुसऱ्यांदा अशी गोष्ट मांडायला मग कोण पुढे येईल?

तेव्हा तालुक्याच्या गावी किंवा पुण्याला सहकुटुंब चित्रपटाला जायचे, तर एस. टी. चे भाडे, तिकिटे आणि बुडालेला दिवस यांचा हिशोब धरा आणि दोन दिवस थांबा. पाहून आलेल्या शेजाऱ्याला विचारा. त्याच दिग्दर्शकाचे आधीचे काम कसे होते, ते विचारा. शाळेत शिक्षकांनी एक सोपा प्रयोग करावा. मुलांना एखादी झलक दाखवून, तीवरून गोष्ट काय असेल ते वहीत लिहायला सांगावे. पुढे ज्यांनी चित्रपट पाहिला असेल, त्यांनी खरी गोष्ट शेजारच्या पानावर लिहावी. ती दोन पाने वर्गात मोठ्याने वाचून दाखवा. जाहिरात म्हणजे काय, ते मुलांना निराळे शिकवावे लागणार नाही.