धुराड्याची ओढ आणि घराची ओढ

न्यू इंग्लंडमधील दीड-दोनशे वर्षांच्या लाकडी घरांत, जानेवारीच्या रात्री बाहेरचे तापमान शून्याच्या बरेच खाली उतरलेले असताना, दिवाणखान्यातील उघड्या फायरप्लेसपुढे बसलेल्या माणसाची छाती भाजते आणि पाठ गारठते. याचे कारण आगीच्या दुर्बलतेत नसून तिच्या क्षुधेत आहे. ज्वलनाला जेवढी हवा आवश्यक, तिच्या कितीतरी पट हवा उघडी आग धुराड्यातून वर ओढून नेते, आणि ताशी शेकडो घनमीटर हवा अशी बाहेर गेली म्हणजे तेवढीच गोठलेली हवा खिडक्यांच्या चौकटींतून, दारांच्या खालून आणि जोत्याच्या सांध्यांतून आत येणे क्रमप्राप्तच होते. लाकडातील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा खोलीच्या पदरात पडतो, आणि कडक थंडीत दूरच्या खोल्या तर आग पेटवल्यामुळेच अधिक गार होतात.

या नासाडीचा शास्त्रीय विचार प्रथम ज्यांनी केला, त्यांतील दोघे मॅसॅच्युसेट्समध्येच जन्मलेले. बॉस्टनच्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४४ साली ओतीव लोखंडाच्या आपल्या शेगडीचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले आणि तिच्यावरील एकाधिकाराची सनद देऊ केली असता ती नाकारली. वोबर्न येथे जन्मलेल्या बेंजामिन थॉम्पसन, म्हणजेच काउंट रम्फर्ड, यांनी १७९६ च्या निबंधात फायरप्लेसची खोली कमी करावी, बाजूच्या भिंती तिरप्या बांधाव्यात आणि धूर वर जाण्याचा गळा अरुंद करावा, असे प्रतिपादन केले. माझ्या मते रम्फर्ड यांची दृष्टी अधिक मूलगामी होती, कारण उष्णतेची खरी गळती त्या रुंद गळ्यातून होते हे त्यांनी नेमके हेरले.

जुन्या दगडी किंवा विटांच्या कोनाड्यात बसवायचा आजचा इन्सर्ट हा त्याच विचाराचा परिपाक होय. पोलादाची अथवा बिडाची बंद भट्टी, पुढे काचेचे दार, आणि हवा मोजून आत घेण्याची झडप, असे त्याचे स्वरूप असते. लाकडाच्या ज्वालांत मुख्यतः तापलेल्या लाकडातून सुटणारे वायू जळत असतात, आणि ते पुरतेपणी जळण्यास सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. उघड्या आगीत त्यांतील बराच भाग न जळताच धूर होऊन निघून जातो. इन्सर्टच्या वरच्या अंगाला असलेल्या छिद्रांतून आधीच तापवलेली हवा सोडून हे वायू पुन्हा पेटवले जातात. काही प्रकारांत उत्प्रेरकाच्या जाळीमुळे तेच कार्य २६० अंशांच्या आसपास साधते. अशा रीतीने लाकडातील उष्णतेचा सुमारे सत्तर टक्के भाग घरात राहू शकतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० पासून अशा भट्ट्यांच्या धुरातील कणांवर ताशी २ ग्रॅमची, आणि नेहमीच्या सरपणावर चाचणी घेतल्यास २.५ ग्रॅमची, मर्यादा घातली आहे. ही मर्यादा पाळल्याचा दाखला पाहिल्याखेरीज खरेदीचा विचारही करू नये.

परंतु फटींनी ग्रासलेल्या घराच्या मालकाने भट्टीच्या आधी घराची पाहणी करणे अगत्याचे आहे, कारण असे घर स्वतःच एक धुराडे असते. आतली उबदार हवा हलकी होऊन माळ्याच्या फटींतून वर निसटते आणि खालून थंड हवा शिरते. आत २० अंश आणि बाहेर उणे ५ अंश असताना सहा मीटर उंचीच्या घरात या ओढीचा दाब साडेसहा पास्कलच्या घरात जातो. भट्टी तापलेली असताना आठ मीटरच्या धुराड्याची ओढ याच्या पाचसहा पट असल्यामुळे ते सहज जिंकते. पण बाहेरच्या भिंतीला चिकटून बांधलेले धुराडे रात्रभरात गार पडले की त्याची ओढ जवळजवळ नाहीशी होते, घराची मात्र कायम राहते, आणि मग थंड हवा धुराड्यातूनच खाली उतरून पहाटे काडी ओढताच खोली धुराने भरते. विझत आलेल्या निखाऱ्यांतील कार्बन मोनॉक्साइडही याच वाटेने घरात येऊ शकतो. तो वास न देता जीव घेतो, म्हणून त्याची सूचना देणारे यंत्र झोपण्याच्या खोल्यांजवळ असलेच पाहिजे. पुष्कळ लोक खिडक्यांच्या फटी बुजवून थांबतात. बंदोबस्त प्रथम माळ्याचा व्हावा, कारण वरचे छिद्र बुजले की खालच्या फटींतून येणारा वारा आपोआप मंदावतो.

हे काम झाल्यावर उष्णतेची गरज पुन्हा मोजली तर पूर्वी ठरवलेला मोठा इन्सर्ट अनावश्यक ठरण्याचा संभव बराच असतो. घर गार म्हणून सर्वांत मोठी भट्टी घ्यावी, हा सल्ला मला घातक वाटतो. मोठी भट्टी उकाडा होतो म्हणून झडप मिटून धुमसत ठेवली जाते आणि धुमसणाऱ्या लाकडाचा ओला धूर धुराड्यात डांबरासारखा साचून एखाद्या दिवशी पेट घेतो. लहान भट्टी जोमाने जळू द्यावी. उत्प्रेरकाच्या भट्ट्या मंद आचेवरही स्वच्छ जळतात, मात्र त्यांची जाळी काही वर्षांनी बदलावी लागते, हा खर्च हिशेबात धरावा.

धुराड्यात वरपर्यंत स्टेनलेस पोलादाची नळी घालण्यात कसूर नको. ३० सेंटिमीटर चौरस जुन्या पोकळीचे क्षेत्रफळ १५ सेंटिमीटर व्यासाच्या नळीच्या पाचपट असते. तेवढ्या पोकळीत धूर पाचपट मंद चालतो, थंड होतो आणि डांबर मागे ठेवतो.

राहिले सरपण. ताज्या तोडीच्या लाकडात पाण्याचे प्रमाण फार मोठे असते आणि प्रत्येक किलो पाण्याची वाफ करण्यात सव्वादोन मेगाज्यूल उष्णता खर्ची पडते, म्हणून आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय लाकूड भट्टीत घालू नये. ओकला त्यासाठी साधारणतः दोन उन्हाळे लागतात. तेव्हा ज्यांना पुढच्या हिवाळ्यात इन्सर्ट बसवायचा आहे, त्यांनी ओकचे ओंडके आधीच फोडून, वरून झाकून आणि बाजूंनी वारा लागेल असे रचून ठेवण्याची तजवीज केलेली असावी.