व्यापारी इमारतीचा नकाशा : रेषेमागची जबाबदारी

श्रोतेहो, बाजारपेठेंत नवें दुकान उघडलें कीं आपण पाटी पाहतों, आंतला माल पाहतों. पण दार कोणत्या बाजूला उघडतें, जिना पायांना सोसतो कीं नाहीं, हें आपल्या ध्यानांतहि येत नाहीं. तें ध्यानांत न येणें हेंच नकाशा काढणाऱ्याचें यश होय. आपल्या घरांतला जिना मनुष्य अंधारांतहि ओळखतो. दुकान, कचेरी, नाट्यगृह येथें येणारा मात्र परका असतो, आणि असे शेंकडों परके एकाच वेळीं जमतात. म्हणून व्यापारी इमारतीचा नकाशा काढण्याची विद्या निराळ्या काळजीनें शिकावी लागते.

ही विद्या आपल्याकडे नवी नाहीं. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत १८९६ सालीं ड्राफ्ट्समनांसाठीं वर्ग सुरू झाला, व त्यांतूनच पुढें तेथील वास्तुशास्त्राचें शिक्षण वाढीस लागलें. आज औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून दोन वर्षांचा अभ्यासक्रम मिळतो. फळा, टी-स्क्वेअर व गुण्या यांची जागा बहुतेक ठिकाणीं संगणकानें घेतली आहे. पण शिकावयाचें तें साधनांत नाहीं. तें नजरेंत आहे.

पहिला धडा मोजण्याचा. परवानगी घेऊन ओळखीचें एखादें दुकान टेपनें मोजावें आणि त्याचा प्लॅन काढावा. इमारत जमिनीपासून सुमारें मीटरभर उंचीवर आडवी कापली अशी कल्पना करून वरून पाहिलें असतां जें दिसेल तो प्लॅन. कापलेली भिंत जाड रेषेनें दाखवावयाची, खालीं दिसणारी पायरी बारीक रेषेनें, आणि डोक्यावरची तुळई तुटक रेषेनें. इमारत उभी कापली म्हणजे सेक्शन मिळतो. समोरून पाहिली म्हणजे एलेव्हेशन. प्रमाण १:१०० असेल तर कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जागेवरचा एक मीटर. संगणकावर चित्र हवें तितकें मोठें करतां येतें, म्हणून नवशिका इतके बारकावे भरतो कीं छापील कागदावर त्यांचा नुसता डाग पडतो. गवंडी कागद पाहतो, पडदा नव्हे, हें विसरूं नये.

दुसरा धडा जिन्याचा, आणि हा पुष्कळांना चुकवितो. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणें राहत्या घरांखेरीज इतर इमारतींत पायरीची रुंदी ३०० मिलिमीटरांहून कमी नसावी व उंची १५० मिलिमीटरांहून अधिक नसावी. आतां हिशेब करूं. एका मजल्यापासून दुसरा मजला ३.६ मीटर उंच असेल, तर १५० मिलिमीटरांचे २४ चढ लागतील. बारा-बारांचे दोन टप्पे केले, तर प्रत्येक टप्प्यांत पाय ठेवण्याच्या अकरा पायऱ्या येतात, कारण बारावा चढ आपल्याला थेट चौथऱ्यावर पोंचवितो. अकरा पायऱ्यांची लांबी ३.३ मीटर झाली. जिना दीड मीटर रुंद धरला आणि दोन्ही टोकांना तेवढाच चौथरा ठेवला, तर एकंदर लांबी ६.३ मीटर होते, व रुंदी तीन मीटरांहून थोडी अधिक. नवशिका जिन्यासाठीं कोपऱ्यांत लहानसा चौकोन राखून ठेवतो. मग जिना मावत नाहीं, पायऱ्या उंच होतात, आणि त्याचा दंड म्हातारीच्या गुडघ्यांना भरावा लागतो. म्हणून दुकानांचे गाळे मागाहून आंखावे. जिना आधीं बसवावा.

तिसरा धडा दाराचा. प्लॅनमध्यें दार म्हणजे एक रेघ व वर्तुळाचा चतुर्थांश. तो चतुर्थांश आंत काढला कीं बाहेर, एवढ्यावर कधीं कधीं जीव अवलंबून असतो. गर्दी घाबरून दाराकडे लोटली असतां आंत उघडणारें दार माणसांच्या भारानेंच बंद राहतें. म्हणून बाहेर पडण्याचीं दारें जाणाऱ्याच्या दिशेनें उघडावीं असा नियम आहे. आणि वाट नुसती नकाशांत असून भागत नाहीं. १३ जून १९९७ रोजीं दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहांत आग लागून ५९ माणसें दगावलीं. तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपासून उठलेला धूर बाल्कनींत भरला, आणि तेथें जादा आसनें बसविल्यामुळें एका बाजूची वाट आधींच बंद झालेली होती. कागदावर आसनांचे चार-दोन चौकोन वाढविणें हें मिनिटाभराचें काम आहे. मालक तसें सांगेलहि. अशा वेळीं “येथून माणसें बाहेर कशीं पडतील?” हा प्रश्न ज्याच्या तोंडून निघतो, त्याचें शिक्षण पुरें झालें असें समजावें.

नकाशा म्हणजे चित्र नव्हे. आपण जेथें नसूं तेथें काम करणाऱ्या गवंड्याला व सुताराला दिलेली ती आज्ञा आहे. रेषा चुकली तर विचारावयास आपण जवळ नसतों. तेव्हां श्रोतेहो, ज्यांना ही विद्या शिकावयाची असेल त्यांनीं उद्यांच एखाद्या कचेरीचा जिना चढतांना थांबावें, पायरीला पट्टी लावावी, दार कोठें उघडतें तें पाहावें, आणि घरीं येऊन तेवढेंच कागदावर उतरवावें. शाळेंत नांव घालण्यापूर्वीं आरंभ होतो तो येथूनच.