उणे चार घरे मागे

हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, हे पुण्यातल्याही पुष्कळांच्या लक्षात नसते. धरणाच्या आणि भातशेतीच्या या तालुक्याच्या पूर्वेच्या टोकाला परदेशी बँकांचे, विमा कंपन्यांचे जुने मेनफ्रेम प्रोग्रॅम सांभाळण्याचे काम चालते. मी संगणकशास्त्र कॉलेजात शिकलो नाही. आयबीएमची ‘प्रिन्सिपल्स ऑफ ऑपरेशन’ ही पुस्तिका वाचत शिकलो. तिच्यातल्या एका प्रश्नाने मला बराच काळ धरून ठेवले. स्मृतीतल्या घरांचे क्रमांक शून्यापासून सुरू होतात. मग पत्ता काढताना उणे संख्या आली तर यंत्र काय करते?

१९६४ साली जाहीर झालेल्या सिस्टिम/३६०मध्ये पत्ता तीन संख्यांच्या बेरजेने मिळतो : बेस, इंडेक्स आणि डिस्प्लेसमेंट. पहिल्या दोन रजिस्टरमध्ये असतात, तिसरी आज्ञेतच लिहिलेली असते. डिस्प्लेसमेंटला १२ बिट, म्हणजे ० ते ४०९५. त्यात उणे लिहिण्याची सोयच नव्हती. मागे जायचे तर उणे संख्या रजिस्टरमध्ये ठेवावी लागे.

ते कसे जमते, हे आपल्या महिन्यांवरून कळते. अधिक महिना आणि वर्ष बाजूला ठेवा. कार्तिकापासून अकरा महिने पुढे गेलात की आश्विनात पोचता. म्हणजेच एक महिना मागे. ३२ बिटांच्या रजिस्टरमध्ये उणे ४ हे ४,२९,४९,६७,२९२ असे असते. त्यात बेसचे १००० मिळवले की ४,२९,४९,६८,२९२ होतात. पण पत्ता फक्त २४ बिटांचा. वरचे बिट यंत्र सोडून देते. उरतात ९९६. चार घरे मागे, अगदी बरोबर! १९८०च्या दशकात पत्ता ३१ बिटांचा झाला, तरी उत्तर तेच आले.

म्हणजे ऋण पत्ता असा नसतोच. हातचा सोडून दिला जातो, म्हणून मोठी संख्या उणे असल्यासारखी वागते.

हा आधार २००० साली आलेल्या ६४ बिटी झेड-आर्किटेक्चरमध्ये सुटू शकतो. रजिस्टर ६४ बिटांचे झाले, पण जुनी लोड आज्ञा खालचे ३२ बिटच भरते. वरच्या अर्ध्यात शून्ये असतील आणि पत्ताही ६४ बिटी पद्धतीने काढला जात असेल, तर हातचा गळत नाही. ९९६ऐवजी पत्ता निघतो ४,२९,४९,६८,२९२. बरोबर चार गिगाबाइट पुढचा. तिथली जागा प्रोग्रॅमला दिलेली नसेल तर तो थांबतो, आणि ते बरेच. दिलेली असेल तर मुकाट्याने भलतीच माहिती उचलतो. म्हणून अशा ठिकाणी चिन्ह वरपर्यंत पसरवणारी ‘एलजीएफ’ आज्ञा वापरावी लागते.

डिस्प्लेसमेंटमध्ये थेट उणे लिहिण्याची मुभा २००३च्या झेड-९९० यंत्राबरोबर आली. काही आज्ञांना २० बिट मिळाले : उणे ५,२४,२८८ ते अधिक ५,२४,२८७. जुन्या आज्ञांची १२ बिटांची चौकट मात्र तशीच राहिली. म्हणूनच साठच्या दशकातले प्रोग्रॅम आजही चालतात. ते ६४ बिटांत नेणाऱ्याने प्रत्येक उणे संख्येपाशी एवढेच विचारावे : हिचा हातचा कुठे गळत होता?