समभाग मुंबईत, मग नोंदणी न्यूयॉर्कला कशासाठी?

११ मार्च १९९९ रोजी इन्फोसिस अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात दाखल झाली. भारतात नोंदणी झालेल्या कंपनीने तेथे प्रवेश करण्याची ती पहिलीच वेळ होती. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या या कंपनीचे समभाग १९९३ पासून देशातील बाजारांत उपलब्ध होतेच. मग सातासमुद्रापार जाण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न सामान्य भागधारकाला पडणे साहजिक आहे.

पावतीचा व्यवहार

भारतीय कंपनीचा मूळ समभाग सहसा परदेशी बाजारात थेट विकला जात नाही. तो भारतातील कस्टोडियन बँकेकडे ठेवला जातो आणि त्याच्या आधारे परदेशातील बँक डॉलरमधील पावत्या जारी करते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पावतीला अमेरिकन डिपॉझिटरी रिसीट, अर्थात एडीआर म्हणतात; अन्य देशांतील पावती म्हणजे जीडीआर. रिलायन्स इंडस्ट्रीजने १९९२ मध्ये जीडीआरद्वारे निधी उभारून लक्झेंबर्गच्या बाजारात नोंदणी केली आणि भारतीय उद्योगांना ही वाट दाखवून दिली. जीडीआर प्रामुख्याने बड्या संस्थांना विकले जात असल्याने त्यांचे नियम तुलनेने सौम्य असतात. न्यूयॉर्कची पायरी त्याहून उंच आहे.

पैशापलीकडील कारणे

भांडवल हे पहिले कारण. देशांतर्गत बाजार लहान असताना मोठी रक्कम एकदम उभारणे अवघड जात असे. परंतु इन्फोसिसने ३४ डॉलरच्या भावाने पावत्या विकून उभारलेली रक्कम सुमारे सात कोटी डॉलर होती. केवळ तेवढ्यासाठी हा खटाटोप नव्हता. कंपनीचे बहुतांश ग्राहक अमेरिकेतील होते. आपले हिशेब तेथील नियमांना उतरतात, हे दाखवून देणे त्यांचा विश्वास संपादन करण्यासाठी उपयुक्त होते. तेथील कर्मचाऱ्यांना डॉलरमधील समभाग-पर्याय देता येतात आणि परदेशी कंपनी विकत घेताना रोख रकमेऐवजी पावत्या देता येतात, हे आणखी दोन लाभ.

सुरुवातीच्या काळात काही एडीआरचे भाव मुंबईतील भावापेक्षा बरेच चढे असत. पावत्या मोजक्या आणि मागणी मोठी, हे त्याचे कारण. मुंबईतील समभागांचे पुन्हा पावत्यांत रूपांतर करण्यास रिझर्व्ह बँकेने २००२ मध्ये मर्यादित परवानगी दिली. भावांतील तफावत घटण्यास त्यामुळे वाव मिळाला.

पारदर्शकतेची किंमत

हे सारे फुकट मिळत नाही. अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाकडे सविस्तर वार्षिक अहवाल सादर करावा लागतो. २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सले कायद्यानुसार मुख्य कार्यकारी अधिकारी आणि वित्तप्रमुखांना हिशेबांची ग्वाही स्वतःच्या स्वाक्षरीने द्यावी लागते. लेखापरीक्षक आणि वकील यांचा खर्च वेगळाच. शिवाय नवे समभाग काढून पावत्या विकल्या, तर जुन्या भागधारकांच्या मालकीचे प्रमाण घटते.

परदेशी नोंदणी म्हणजे सचोटीचा दाखला, असे मात्र मानता येत नाही. सत्यम कॉम्प्युटर २००१ पासून न्यूयॉर्क शेअर बाजारात होती. तरीही जानेवारी २००९ मध्ये तिच्या अध्यक्षांनी हिशेबांतील फसवणुकीची कबुली दिली. पुढे अमेरिकेतील सामूहिक दाव्यात कंपनीने २०११ मध्ये साडेबारा कोटी डॉलर देऊन तडजोड केली. भारतातील लहान भागधारकांना अशा दाव्याची सोय तेव्हा आपल्या कंपनी कायद्यात नव्हती. २०१३ च्या कायद्यात ती आली आणि २०१६ मध्ये लागू झाली. कंपनी एक, फसवणूकही एक. पण दाद मागण्याचा मार्ग पावती कोणत्या देशात घेतली यावर ठरला.

परतीची वाट

काळाबरोबर गणितही बदलले. २००४ मध्ये न्यूयॉर्कला गेलेल्या टाटा मोटर्सने जानेवारी २०२३ मध्ये तेथून माघार घेतली. भारतीय बाजारातील उलाढाल आणि परदेशी गुंतवणूकदारांचा सहभाग वाढल्याचे कारण कंपनीने दिले. परदेशी संस्था मुंबईतच खरेदी करू शकत असतील, तर दुहेरी खर्च कशाला, हा त्यामागील सरळ विचार. दुसरीकडे इन्फोसिस २०१२ मध्ये नॅसडॅक सोडून न्यूयॉर्क शेअर बाजारात गेली आणि तेथे टिकून आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये गुजरातमधील गिफ्ट सिटीतील आंतरराष्ट्रीय बाजारांत भारतीय कंपन्यांना थेट समभाग-नोंदणीची मुभा दिली, हा तिसरा पर्याय.

परदेशी नोंदणीच्या घोषणेने हुरळून जाण्यापूर्वी भागधारकाने दोन गोष्टी तपासाव्यात: नवे समभाग निघणार आहेत का, आणि त्या निधीचा विनियोग कशासाठी होणार आहे. अमेरिकेत सादर होणारे अहवाल आयोगाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. न्यूयॉर्कच्या गुंतवणूकदारासाठी लिहिलेली जोखमींची यादी डोंबिवलीत बसलेल्या भागधारकालाही तितकीच उपयोगी आहे. ती वाचण्याची तसदी मात्र त्याने घ्यायला हवी.