शेततळ्यांत हलक्या गळाचा प्रयोग

इ. स. २०१६ सालीं ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना निघाल्यापासून प्लास्टिकचें अस्तर घातलेलीं तळीं गांवोगांव झालीं, व त्यांत रोहू-कटला सोडण्याचा प्रघातही पडला. परंतु अशा तळ्यांत जाळें ओढणें जिकिरीचें. अस्तर घासतें, आणि निसरड्या उतारावर पाय ठरत नाहीं. मासे किती वाढले हें पाहण्यास व आगंतुक चिलापी काढण्यास स्वस्तांतला हलका गळ कितपत उपयोगी पडतो, हें आम्हीं यंदा करून पाहिलें.

साडेपांच फुटांची काचतंतूची काठी, लहानसें रीळ व दोरी मिळून १,४०० रुपये पडले. कार्बनची काठी याहून हलकी खरी. पण तिच्यांतून वीज वाहते, व आमच्या तळ्यावरून पंपाच्या तारा गेल्या आहेत. काठी चांगली निघाली. सोबतची दोरी मात्र टाकाऊ! पहिल्याच सकाळीं ती गांठीजवळ तीनदां तुटली व तीन गळ तळाशीं गेले. अस्तराच्या तळ्यांत हरवलेला गळ म्हणजे पाण्यांत टाकलेली सुईच. पुढें आम्हीं ४ पौंड ताणाची निराळी नायलॉन दोरी घेतली, आणि गांठ आवळण्यापूर्वीं ओली करूं लागलों. कोरडी गांठ घर्षणानें तापून दुबळी होते. त्यानंतर गांठ तुटली नाहीं.

गळाचा उलटा कांटा पकडीनें दाबून टाकला, म्हणजे तोललेला रोहू इजा न होतां परत सोडतां येतो. वर बूच बांधून गळ अस्तरापासून हातभर उंच अधांतरीं ठेवला. गांडुळाच्या तुकड्यावर दोन तासांत ११ चिलाप्या आल्या, बहुतेक तळहाताएवढ्या. एवढ्या वयांतच ही जात पिलें घालते व रोहूचें खाद्य फस्त करते. बीजाबरोबर ती मिसळून आली असावी. विकणारा अर्थातच कानांवर हात ठेवतो.

स्वस्त रिळाची खरी उणीव मोठा मासा लागल्यावर कळली. दोरी सैल सोडणारी चकती आधीं अडली, मग एकदम सुटली, आणि दोरी मध्येंच तुटून रोहू गळासकट गेला. आतां ती चकती आम्ही आरंभींच सैल ठेवतों. माशामागें कांठानें धांवत नाहीं. शिवाय खुंट्याला बांधलेला गांठींचा दोर उतारावर कायम सोडलेला असतो.

तुटलेल्या दोरीचे तुकडे डब्यांत गोळा करतों. कांठचें गवत गाईंसाठीं कापलें जातें, व नायलॉन त्यांना पचत नाहीं.