दाराविना घर, शाईविना सही

शनिशिंगणापूर हे गाव घरांना दारे नसल्यामुळे सर्वदूर प्रसिद्ध आहे. २०११ साली युको बँकेने तेथे बिनकुलपाची शाखा उघडली. पण बँकेला कुलूप नसले तरी सहीवाचून व्यवहार होत नाही. कुलूप वस्तू राखते. ‘हे मीच लिहिले’ याची ग्वाही सही देते.

आता कागदाची जागा संगणकातील नोंदीने घेतली. मग ही ग्वाही कोण देणार? १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आलेल्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने अशा नोंदीला व तिच्यावरील डिजिटल स्वाक्षरीला कायद्याची मान्यता दिली. मृत्युपत्रासारखे काही दस्त मात्र त्यातून वगळले आहेत.

ही स्वाक्षरी म्हणजे सहीचे छायाचित्र नव्हे. मजकुरावरून गणिताने एक ठसा काढतात आणि तो सही करणाराच्या गुप्त किल्लीने मोहोरबंद करतात. जोडीच्या जाहीर किल्लीने कोणालाही तो तपासता येतो. मजकुरात एक काना बदलला, तरी ठसा जुळत नाही. शेतकऱ्याला मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा याच तत्त्वावर उभा आहे.

नोंद कोणाची मानावी, हे कलम ११ सांगते. ती स्वतः पाठवलेली असो, आपण अधिकार दिलेल्या माणसाने पाठवलेली असो, की आपण आपोआप चालण्यासाठी योजलेल्या यंत्रणेने पाठवलेली असो, ती आपलीच. ‘यंत्राने पाठवले, मी नाही’ ही सबब येथे चालत नाही.

न्यायालयात अशी नोंद सिद्ध करणे हा पुढचा प्रश्न. जालना मतदारसंघातील २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, हा वाद चित्रफितींवर येऊन ठेपला. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, मूळ उपकरण हजर न करता प्रत दाखल केल्यास तिच्यासोबत प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही ही अट आहे.

सामान्य माणसाने एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी. गुप्त किल्ली सांभाळण्याची जबाबदारी कायद्याने तिच्या मालकावर टाकली आहे. ती दुसऱ्याच्या हाती गेल्याचे प्रमाणन संस्थेला कळवीपर्यंत दायित्व मालकाचेच. सोयीसाठी ती ओळखीच्या माणसाकडे ठेवणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देणे होय. दाराविना घरात राहता येईल. ही किल्ली मात्र ज्याची त्यानेच जपली पाहिजे.