‘९९ टक्के अचूक’ या दाव्याचा मूळ संदर्भ कसा शोधावा?

पानाचे छायाचित्र काढताच रोगाचे नाव सांगणारी ॲप्स आता बांधापर्यंत पोहोचली आहेत. एखाद्या माहितीपत्रकात ‘९९ टक्के अचूक’ असे छापलेले आढळल्यास विस्तार कार्यकर्त्याने तो आकडा शेतकऱ्यांपुढे मांडण्यापूर्वी त्यामागील शोधनिबंध पाहणे आवश्यक आहे. निदान चुकले, तर अनाठायी फवारणीचा खर्च शेतकऱ्यालाच सोसावा लागतो. दाव्याची मर्यादा सांगण्याची जबाबदारी कोणाची, हा संगणकीय नीतिशास्त्राचा प्रश्न येथे थेट शेतात उभा राहतो.

या विषयातील बहुचर्चित निबंध मोहंती, ह्यूज व सलाथे यांनी २०१६ मध्ये ‘फ्रंटियर्स इन प्लांट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. तो विनामूल्य वाचता येतो. १४ पिके व २६ रोगांची ५४,३०६ छायाचित्रे वापरून विकसित केलेल्या प्रारूपाने चाचणीसाठी बाजूला ठेवलेल्या छायाचित्रांवर ९९.३५ टक्के अचूकता दाखवली. मात्र ही छायाचित्रे एकसारख्या पार्श्वभूमीवर ठेवलेल्या सुट्या पानांची होती. वेगळ्या परिस्थितीत घेतलेल्या छायाचित्रांवर अचूकता ३१ टक्क्यांच्या जेमतेम वर राहिली. लेखकांनी हे स्वतःच नोंदवले आहे. पण निबंध शेवटपर्यंत वाचला तरच ते दिसते.

पुढचा टप्पा म्हणजे या निबंधाचा आधार नंतर कोणी घेतला, हे पाहणे. गूगल स्कॉलरवर निबंधाच्या शीर्षकाखाली तशी यादी उघडते. याच वाटेने आयआयटी गांधीनगरच्या संशोधकांचा ‘प्लांटडॉक’ हा २,५९८ छायाचित्रांचा संग्रह सापडतो. प्रयोगशाळेबाहेरील छायाचित्रांची उणीव भरून काढण्यासाठीच तो तयार झाला.

नैतिक बाजूचे लेखन विखुरलेले आहे. काही ‘एथिक्स अँड इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी’सारख्या नियतकालिकांत, तर काही ‘कम्प्युटर्स अँड इलेक्ट्रॉनिक्स इन ॲग्रिकल्चर’मध्ये आढळते. ‘फार्म डेटा ओनरशिप’, ‘डेटासेट बायस’ असे नेमके इंग्रजी शब्द पिकाच्या नावासोबत टाकल्यास शोध आटोपशीर होतो. नुसते ‘एथिक्स’ टाकल्यास ढीगच हाती लागतो. भारतीय प्रबंधांसाठी कृषिकोश व शोधगंगा ही दालने आहेत.

चॅटबॉटने सुचवलेले संदर्भ मात्र जपून घ्यावेत. लेखक, वर्ष, नियतकालिक सारे जुळलेले दिसते आणि असा निबंध अस्तित्वातच नसतो. त्यामुळे डीओआय क्रमांक उघडून शीर्षक ताडून पाहावे. निबंध सशुल्क असल्यास कृषी विद्यापीठाच्या ग्रंथपालाकडे चौकशी करावी. अनेक नियतकालिके सामायिक सुविधेतून तेथे उपलब्ध असतात.